नवऱ्याला ऐकू येईना, रिपोर्टमध्ये गुप्तरोग निघाला... मी माहेरी जाऊ का?

(ताईंचं पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

वय 38, सासर यंत्रमागांच्या गावात. मिस्टर 43 वर्षांचे, आधी दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर होते, आता स्वतःचे थोडे माग आहेत. दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या डाव्या कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, मग त्या कानाने कमी ऐकू यायला लागलं. सगळे म्हणाले मागाच्या खटखटीने झालं असणार. नंतर चक्कर यायला लागली, मग उजवा कानही गेला. कानाच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, थोडे दिवस बरं वाटलं, गोळ्या संपल्या आणि पुन्हा तेच. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तर व्हीडीआरएल 1:64, टीपीएचए पॉझिटिव्ह (या दोन्ही सिफिलिस या गुप्तरोगाच्या रक्ततपासण्या), एचआयव्ही निगेटिव्ह. सिफिलिस कानापर्यंत गेलाय, अ‍ॅडमिट होऊन 14 दिवस शिरेतून पेनिसिलिन घ्यावं लागेल असं सांगितलं. मिस्टर तयार नाहीत. ओळखीच्या डॉक्टरांकडून कंबरेत एक मोठं इंजेक्शन घेतलं आणि आता म्हणतात झालं, कानाला मशीन लावू. ताईंनी स्वतःची तपासणी केली, व्हीडीआरएल 1:4, टीपीएचए पॉझिटिव्ह. नवऱ्याशिवाय कुणाशी कधी संबंध नाही, तरी मिस्टर म्हणतात तूच आणलंस, आणि स्वतःचं विचारलं की म्हणतात बाहेरच्या संडासातून लागलं असेल. सासूबाईंना अजून काही माहीत नाही. ताईंनी नवऱ्याचं ताट, तांब्या, टॉवेल सगळं वेगळं केलंय, 15 वर्षांची मुलगी आणि 11 वर्षांचा मुलगा यांना त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत. आई म्हणते बॅग भर आणि ये. ताई विचारतात, "ज्याने मला फसवलं त्याच्या उशाशी दवाखान्यात मी का बसायचं? आणि नाही बसले आणि पोरांचा बाप बहिरा झाला तर ते माझ्या माथी का?"

---

ताई,

तुमचा राग समजतो आणि तो आवरा असं मी सांगणार नाही. एवढं सगळं एका महिन्यात अंगावर आल्यावर माणूस शांत कसा राहील. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्यात की एकीला हात लावला की दुसरी दुखते, म्हणून मी त्या आधी सोडवून घेते. एक आहे तुमच्या मिस्टरांचा कान. दुसरी आहे तुमचा संसार. संसाराचा निर्णय तुम्ही आज घेतला काय आणि दोन महिन्यांनी घेतला काय, उशीर झाला म्हणून तो चुकणार नाही, उलट जरा डोकं थंड असताना घेतलेला बरा. कानाचं तसं नाही. कानाची नस दिवस मोजत असते आणि एकदा गेलेलं ऐकणं बऱ्याचदा परत येत नाही. त्यामुळे कुणी कुणाला फसवलं याचा निकाल लागेपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत. तुमच्या घरात सध्या नेमकं उलटं चाललंय, निकाल लागत नाही म्हणून उपचार अडकलेत.

मी डॉक्टर नाही, पण गुप्तरोगाच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलंय आणि अशी जोडपी समोर बसलेली पाहिलीत. पुढचं जे लिहितेय ते दोन भागांत वाचलंत तरी चालेल, आधी कानाचं वाचा.

मागाच्या आवाजाबद्दल सगळे म्हणाले ते अगदी चुकीचं नव्हतं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, कुठल्याही मागवाल्या गावात वयस्कर कामगार ओरडूनच बोलतात हे आपण बघतोच. पण आवाजाने कान जातो तो वर्षानुवर्षं हळूहळू जातो, दोन्ही कान साधारण सारखेच जातात, आणि कानाच्या तपासणीच्या कागदावर 4000 हर्ट्झ, म्हणजे बारीक आवाजाच्या आकड्याजवळ एक खड्डा दिसतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तसं नाहीये. तो कागद पुन्हा काढून बघा, लाल गोळे म्हणजे उजवा कान, निळ्या फुल्या म्हणजे डावा. फुल्यांची रेघ जवळजवळ सगळीकडे 70 डेसिबलच्या आसपास खाली बसलीय, गोळ्यांची वेगळीच उतरत गेलीय. शिवाय तुम्ही लिहिलंय की यांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, भाजी म्हटलं की पाजी ऐकतात, आणि कधी एखाद्या दिवशी एकदम बरं ऐकू येतं मग परत बंद. एक कान मग दुसरा, कमीजास्त होणं, चक्कर, शिट्टी, आणि आवाजाच्या मानाने शब्द फारच कमी कळणं, हे सगळं एकत्र आलं की कानाचे डॉक्टर रक्तात सिफिलिस बघतात, कारण नसेच्या बहिरेपणात हे एक असं कारण आहे ज्यावर औषध आहे. तुमच्या डॉक्टरांनी ते बघितलं हे तुमचं नशीब, खूप ठिकाणी बघितलंच जात नाही, 40 पंचेचाळीशीतल्या घरच्या माणसाला असलं काही कसं विचारायचं म्हणून राहून जातं.

स्टेरॉइडने बरं वाटून परत बिघडलं याचा अर्थही समजून घ्या. आतल्या कानाला सूज असते, स्टेरॉइड ती सूज उतरवतं म्हणून ऐकू येतं, पण जंतू तिथेच, गोळ्या संपल्या की पुन्हा सूज. दुसऱ्याही काही आजारांत कान स्टेरॉइडने असाच वरखाली होतो, म्हणून नुसत्या त्यावरून निदान होत नाही, पण रक्ताच्या रिपोर्टबरोबर ठेवून बघितलं की चित्र जुळतं. पेनिसिलिन चालू असताना डॉक्टर सोबत स्टेरॉइड देऊ शकतात, ते कुणाला द्यायचं किती द्यायचं यावर डॉक्टरांचीही मतं वेगवेगळी आहेत, तो निर्णय त्यांच्यावर सोडा. फक्त एकट्या स्टेरॉइडवर परत दिवस काढू नका.

आता ते कंबरेतलं इंजेक्शन. ते बेंझाथिन पेनिसिलिन असणार, 24 लाख युनिटचं, गावात त्याला पेनिड्युअर म्हणतात. औषध चांगलं आहे, सुरुवातीच्या सिफिलिसला तो एक डोस पुरतोही. पण ते स्नायूत साठून हळूहळू, थोडं थोडं रक्तात उतरतं, आणि आतल्या कानापर्यंत किंवा मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचायला जेवढी पातळी लागते तेवढी त्याने होत नाही. म्हणून कान, डोळा किंवा मेंदू यांच्यापर्यंत आजार गेला की दुसरं पेनिसिलिन देतात, क्रिस्टलाइन, शिरेतून, दर 4 तासांनी 30 ते 40 लाख युनिट, म्हणजे दिवसाला 180 ते 240 लाख, आणि हे 10 ते 14 दिवस. रात्री 2 वाजता पण डोस असतो, सकाळी 6 ला पण असतो, म्हणूनच अ‍ॅडमिट व्हावं लागतं, डॉक्टरांना बिल वाढवायचंय म्हणून नाही. हे मिस्टरांना अगदी असंच सांगा, घेतलेलं इंजेक्शन वाया गेलं नाही पण कानापर्यंत पोचलं नाही. पेनिसिलिन तसं महाग औषध नाही. खाजगीत 14 दिवसांचा खोलीचा खर्च झेपणार नसेल तर कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा तुमच्या भागातलं जे असेल ते बघा, तिथे कानाचा विभाग आणि त्वचा-गुप्तरोग विभाग एकाच आवारात असतात. क्रिस्टलाइन पेनिसिलिन कधी कधी स्टॉकमध्ये नसतं, जायच्या आधी चौकशी करून जा. यांना आधी कधी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आली असेल तर ते स्पष्ट सांगा, सेफ्ट्रायॅक्सोन या दुसऱ्या अँटिबायोटिकसारखा मार्ग डॉक्टर विचारात घेऊ शकतात, पण अ‍ॅलर्जी असेल कदाचित, म्हणून घरीच नको म्हणू नका. पेनिसिलिन सिफिलिसवर पहिल्यांदा वापरलं 1943 मध्ये अमेरिकेत, जॉन महोनी नावाच्या डॉक्टरांनी, आणि इतकी वर्षं झाली तरी हा जंतू पेनिसिलिनला निर्ढावलेला नाही. असं फार थोड्या जंतूंबद्दल म्हणता येतं.

पहिल्या डोसनंतर 24 तासांत सणकून ताप, थंडी, डोकेदुखी येऊ शकते. खूप जंतू एकदम मरतात त्याची ती प्रतिक्रिया असते आणि साधारण दिवसभरात उतरते. मी हे आधीच सांगतेय कारण नेमक्या त्या रात्री नातेवाईक पेशंटला उचलून घरी नेतात, औषध सोसलं नाही म्हणून. नेऊ नका, सिस्टरना सांगा.

आजार मेंदूपर्यंत गेलाय का हे बघायला पाठीतलं पाणी काढायचं का, असाही विषय निघेल. फक्त कानाचीच तक्रार असेल तर बहुतेकांचं ते पाणी नॉर्मलच निघतं, त्यामुळे ते न काढताही उपचार सुरू करतात. पण डोकं सतत दुखणं, तोंड वाकडं होणं, दिसायला धूसर होणं, तोल फारच जाणं असं काही असेल तर डॉक्टर ती तपासणी सांगतील आणि ती करा, त्याने माणूस अपंग होतो ही भीती मनातून काढा. डोळे मात्र तक्रार असो नसो एकदा दाखवून घ्या, हा आजार कानासारखाच डोळ्यात पण शिरतो.

कान परत येईल का? खोटी आशा देणार नाही. काहींचं ऐकणं चांगलं सुधारतं, काहींचं थोडं, आणि काहींचं जिथे आहे तिथे थांबतं, चक्कर आणि कानातला आवाज कमी होतो पण ऐकणं फारसं वाढत नाही. जितकं लवकर तितकी आशा जास्त. आणि समजा काहीच परत आलं नाही तरी उजवा कान आणखी खाली जायचा थांबला तर तोच फार मोठा फायदा आहे, कारण आज यांचं जे काय संभाषण चाललंय ते त्याच कानावर.

म्हणूनच मशीनची घाई नको. ऐकणं अजून वरखाली होतंय, आज ज्या मापाचं मशीन घ्याल ते उपचारानंतर चुकीचं ठरेल. इंजेक्शनं पूर्ण होऊ द्या, मग थोड्या थोड्या दिवसांनी कानाची तपासणी करून रेघ एका जागी स्थिरावली की मशीनचं बघा, आणि विकत घ्यायच्या आधी ट्रायल घ्या, घरातल्या आवाजात आणि कारखान्यातल्या आवाजात, दोन्हीकडे. शब्दच कळत नसतील तर साधं मशीन नुसता गोंगाट मोठा करून देतं हेही आधी माहीत असू द्या. दोन्ही कान खूपच खाली राहिले तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा मार्ग असतो, या आजाराने कान गेलेल्यांनाही त्याचा उपयोग झालेला आहे. मुंबईला बांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, फक्त ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था, तिथे सल्ला मिळतो. आणि दोन्ही कानांचं नुकसान 60 डेसिबल किंवा जास्त असं कायम राहिलं तर अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड निघतं, ते पुढचं.

आता तुमचं.

ताई, तुम्ही आणि मिस्टर दोघंही एक गोष्ट धरून चाललाय, ती म्हणजे रिपोर्ट सांगेल गुन्हेगार कोण. तुम्ही म्हणता यांचा आकडा 64 म्हणजे हेच दोषी, ते म्हणतात तुझाही पॉझिटिव्ह आहे म्हणजे तूच. रिपोर्ट यातलं काहीच सांगत नाही. 1:64 म्हणजे रक्त 64 पट पातळ केलं तरी तपासणी पॉझिटिव्ह आली, 1:4 म्हणजे 4 पटीपर्यंतच आली. मोठा आकडा जास्त करून अलीकडच्या इन्फेक्शनमध्ये दिसतो, लहान आकडा जुन्यात दिसतो, पण जुन्यातही मोठा असू शकतो आणि आधी कधी दुसऱ्या कारणाने घेतलेल्या अँटिबायोटिकनेही तो खाली येतो. आकड्यावरून तारीख निघत नाही आणि माणूस तर त्याहून निघत नाही. या आजाराची पहिली खूण म्हणजे एक न दुखणारी जखम, बायकांना ती आतल्या बाजूला असली तर दिसतच नाही, 3 ते 6 आठवड्यांत आपोआप भरते. मग कधीतरी अंगावर, तळहात-तळपायावर पुरळ, उष्णता झाली म्हणून सोडून देतो आपण. मग सगळं गप्प, वर्षानुवर्षं, आणि कानावर हा आजार सुरुवातीच्या काळातही येतो आणि 15-20 वर्षांनीही. म्हणजे मिस्टरांना हे लग्नाआधीचं असू शकतं, मधल्या काळातलं असू शकतं, गेल्या वर्षीचं असू शकतं.

मी त्यांची बाजू घेत नाहीये. तुमचं नवऱ्याशिवाय कुणाशी नातं नाही आणि तुमच्या अंगात हा जंतू गेला, टीपीएचए पॉझिटिव्ह आहे म्हणजे ते जवळपास नक्कीच (नुसता व्हीडीआरएल लुपससारख्या आजारात किंवा गरोदरपणात खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, टीपीएचएही आला की ती शक्यता फार कमी). म्हणजे तो तुम्हाला त्यांच्याकडूनच आला. संडासाचं मनातून काढून टाका, हा जंतू शरीराबाहेर टिकत नाही, संडास, टॉवेल, ताट, स्विमिंग टँक यातून लागत नाही. त्यांना कुणाकडून तरी संबंधातूनच लागला. पण तो कधी, हे फक्त त्यांना माहीत आहे, आणि लग्नाआधीची चूक आणि गेल्या वर्षीची फसवणूक यात तुमच्या लेखी फरक असेल की नाही हे फक्त तुम्ही ठरवणार. माझ्यासमोर बसलेल्या बायकांपैकी काहींना खूप फरक पडला, काही म्हणाल्या खोटं बोलला तेच पुरे. दोघीही बरोबर.

एक कागद शोधा. दोन्ही बाळंतपणांच्या वेळची एएनसी कार्डं, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांची कार्डं. त्यात व्हीडीआरएलचा रकाना असतो, बहुतेक वेळा एचआयव्हीच्या शेजारी, निगेटिव्ह किंवा नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असं लिहिलेलं. हे मी मुलांसाठी सांगतेय. आईला गरोदरपणी हा आजार असेल तर बाळाला जाऊ शकतो, आणि जन्मतः काही न दिसता पुढे शाळेच्या वयात, अगदी तरुणपणीही कान जाऊ शकतात. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच अशा मुलांमधल्या तीन खुणा सांगितल्या, डोळ्याच्या बुबुळाची सूज, समोरच्या दातांना खाच आणि बहिरेपण. दोन्ही कार्डांवर निगेटिव्ह असेल तर पोरांची काळजी जवळपास मिटली. कार्ड नसेल किंवा तो रकाना कोरा असेल तर दोघांची एकदा रक्ताची साधी तपासणी करून घ्या, शाळेत वगैरे कुणाला सांगायची गरज नाही, मुलांना एवढंच सांगा की बाबांना इन्फेक्शन झालंय म्हणून सगळ्यांचं बघतोय.

पण ते कार्ड उघडायच्या आधी मन जरा घट्ट करा. धाकट्याच्या वेळी, म्हणजे 11 वर्षांपूर्वी, तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर तुम्हाला हे त्याच्यानंतर आलंय, म्हणजे लग्नाआधीचं असेल हा आधार बराचसा जातो. तुमच्यावरचा आळ त्याने पुसला जात नाही, त्यांच्यावरचा वाढतो, आणि ते कार्ड तुम्ही रागाच्या भरात त्यांच्यासमोर टाकाल याची मला भीती वाटते. शोधा, फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. नवऱ्याला कधी दाखवायचं ते नंतर.

ताट-तांब्या आजच एकत्र करा आणि मुलांना बाबांजवळ जाऊ द्या. एकत्र जेवून, मिठी मारून, बाजूला झोपून हे लागत नाही. तुमच्या 15 वर्षांच्या मुलीला काहीतरी भयंकर आहे एवढं कळलंय आणि काय ते कळत नाही, त्या वयात ते फार वाईट. शरीरसंबंध मात्र दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, आणि तुमची इच्छा नसेल तर त्यानंतरही नाही.

आता दवाखान्यात कोणी बसायचं. तुम्ही विचारलंय मी का. तुम्ही नाही बसलात तरी चालेल! 14 दिवस शिरेतून औषध घेणाऱ्या माणसाला उशाशी बायकोच पाहिजे असा नियम नाही. दीर, भाचा, कारखान्यातला विश्वासू माणूस, कुणीही बसेल, चक्कर येते म्हणून संडासला जाताना धरायला आणि नर्स काय म्हणतात ते लिहून दाखवायला कुणी हवं इतकंच. तुमचा वाटा एवढाच की अ‍ॅडमिट व्हायला भाग पाडायचं, कारण सध्या घरात हे समजणाऱ्या एकट्या तुम्ही आहात. तुम्ही समजावलंत आणि तरी ते नाही गेले तर ते तुमच्या माथी नाही, 43 वर्षांचा माणूस आपल्या कानाला स्वतः जबाबदार आहे.

लोकांना काय सांगायचं यावरच त्यांचं घोडं अडलंय असं पत्रावरून वाटतं. सांगा की कानाच्या नसेला इन्फेक्शन झालंय, सलाईनमधून 14 दिवस औषध आहे. यात एक अक्षर खोटं नाही. सासूबाईंनाही एवढंच. पुढचा तपशील डॉक्टरांनी मिस्टरांच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचा नसतो, आणि वॉर्डात बेडच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत काही लिहिलं असेल तर ते झाकायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका, शांतपणे सिस्टरना सांगितलं की त्या करतात.

आणि बोलायचं कसं हे फार महत्त्वाचं आहे, तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मला चर्र झालं. तुम्ही लिहिलंय की यांना ऐकू येत नाही म्हणून मला ओरडून विचारावं लागतं, आणि ओरडले की बाहेर सासूबाई आणि पोरं ऐकतात, म्हणून मी गप्प बसते. म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात खाजगी भांडण तुम्हाला मोठ्या आवाजातच करता येतंय. तर ओरडू नका. एक साधी वही घ्या, नाहीतर मोबाइलवर मराठी टायपिंग करा, बोललेलं लिहून दाखवणारी सोय फोनमध्ये असते ती मराठीतही चालते. समोरासमोर बसा, उजेड त्यांच्या नाही तुमच्या तोंडावर पडेल असं, म्हणजे ओठ दिसतील, आणि लिहून विचारा. लिहिताना शिव्या कमी होतात आणि ज्याला कमी ऐकू येतं तो नुसतं हो-हो करून सुटू शकत नाही. पहिल्या दिवशी फक्त उपचाराचं लिहा. "कोण होती" हा प्रश्न त्या वहीत पहिल्या पानावर नको, तो तुम्ही विचारणारच आहात, विचारायलाच पाहिजे, पण पहिल्या पानावर तो आला की दुसरं पान येणारच नाही. चर्चा झाली की ती पानं फाडून टाका, मुलांच्या हाती लागायला नकोत. जे नव्याने कमी ऐकू येणाऱ्या माणसाबरोबर राहतायत त्या सगळ्यांनाही हे सांगतेय, बहिरेपणाचं कारण कुठलंही असो, दुसऱ्या खोलीतून हाक मारणं आणि मग ऐकत नाही म्हणून चिडणं यात खूप घरं दमून जातात.

त्यांनी हात उचलला, किंवा हा रिपोर्ट चार नातेवाइकांसमोर तुमच्याविरुद्ध वापरायला लागले, तर मात्र थांबू नका, मुलांना घेऊन आईकडे जा, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर जवळ ठेवा. तुमच्या आणि त्यांच्या सगळ्या रिपोर्टच्या कॉपी आणि फोटो आईच्या घरी असू द्या. आणि तसं काही नसेल, नुसता त्यांचा चेहरा बघवत नाही एवढंच असेल, तरी 14 दिवस माहेरी राहायला काही हरकत नाही, ते दवाखान्यात तुम्ही माहेरी, उलट दोघांना श्वास घ्यायला जागा मिळेल. फक्त ते माहेरपण म्हणून जा, कायमचं म्हणून बॅग भरू नका अजून. पुढचा निर्णय घ्यायला तुम्हाला त्यांच्याकडून खरं काय ते ऐकावं लागेल आणि खरं बोलायला त्यांना तुमचं ऐकू यावं लागेल.

राहता राहिले तुम्ही स्वतः. पत्रभर नवऱ्याचा कान, पोरांची काळजी, आईचं म्हणणं, आणि स्वतःच्या उपचाराबद्दल एक ओळ नाही! तुम्हाला हे कधी लागलं ते माहीत नाही, अशा वेळी साधारणपणे बेंझाथिनची 3 इंजेक्शनं देतात, आठवड्याला एक, प्रत्येकी 24 लाख युनिट. मधला आठवडा चुकवू नका, अंतर फार पडलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आधी डॉक्टर तुमचे कान, डोळे, बाकीचं तपासतील, तुम्हालाही कानात आवाज किंवा चक्कर असेल तर सांगा, मग उपचार वेगळा होईल. पाळी चुकली असेल तर तेही आधी सांगा. एचआयव्ही तुमचीही करून घ्या. नंतर 6, 12 आणि 24 महिन्यांनी व्हीडीआरएल, यांचा आकडा 64 वरून 16 किंवा त्याखाली आला की औषध लागू पडलं असं समजतात, तुमचा 4 आहे तो कदाचित तिथेच थोडा खालीवर राहील, घाबरू नका. टीपीएचए बहुतेकांचा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतो, पुढे कधी ऑपरेशनच्या आधी कुणी तपासला आणि भुवया उंचावल्या तर उपचाराचा कागद दाखवा, तो जपून ठेवा.

जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात, बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत सुद्धा "सुरक्षा क्लिनिक" नावाने गुप्तरोगांची ओपीडी असते, तपासणी आणि औषध फुकट, एकट्या बाईने गेलं तरी कुणी नवऱ्याला घेऊन या म्हणून परत पाठवायचं नसतं. कुठे आहे ते कळत नसेल तर 1097 ला फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत. मिस्टर अ‍ॅडमिट व्हायला हो म्हणोत की नाही, तुमचं पहिलं इंजेक्शन या आठवड्यात घ्या, त्यासाठी त्यांची वाट बघू नका.